पंचवीस सी.सी. अश्रू

दरंदले सरांनी माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात, ऐन पाठवणीच्या वेळी, नवरीच्या डोळ्याखाली काचेची नळी धरली.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना वाटलं, मी तिखटमीठ लावून सांगतोय. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, तेव्हा तिखटमीठ लावायची सवय मला आहे हे कबूल. पण हे जसंच्या तसं घडलेलं आहे. सुमन काकांच्या गळ्यात पडून हुंदके देत होती, काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि ज्यांना मी मोठ्या कौतुकाने 'आमच्या कॉलेजातले केमिस्ट्रीचे प्राध्यापक' म्हणून लग्नाला नेलं होतं ते गृहस्थ गर्दीतून वाट काढत पुढे आले, कोटाच्या खिशातून बोटभर लांबीची नळी काढली आणि म्हणाले, "ताई, मान जरा वर करा. हां, आशीच ऱ्हाऊ द्या."

सुमनने घाबरून मान वर केली. त्याबरोबर तिचं रडणंही थांबलं.

"थांबू नगा, थांबू नगा," सर कळवळून म्हणाले.

नवऱ्या मुलाचे मामा, राहुरीचे, चांगले उंचेपुरे, माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हे कोण?" मी म्हणालो, "डॉक्टर आहेत." त्यावर मामांचा पुढचा प्रश्न आला, "मुलीला काय झालंय?" झालं! मुलगी ठणठणीत आहे हे वरपक्षाला पटवता पटवता काका आणि मी घामाघूम झालो. तोवर सर मांडवाच्या खांबाशी उभे राहून नळी उजेडात धरून बघत होते. परतताना बसमध्ये त्यांनी मला एवढंच सांगितलं, "काजळ लई हुतं, जोशी सर. वाया गेलं."

त्या दिवशी मी हादरलो होतो खरा. पण सरांच्या शेजारी राहून मी इतक्या वेळा हादरलोय की तो धक्का आता किरकोळ वाटतो.

आम्ही बेलापूरला राहायचो आणि कॉलेजला श्रीरामपूरला सायकलने जायचो. बेलापुरात आमच्या गल्लीत दोन-दोन खोल्यांची एक ओळ होती. त्यातल्या एका बिऱ्हाडात मी, माझी बायको आणि माझे वडील. भिंतीपलीकडे एकनाथ सखाराम दरंदले, वय चाळीसच्या आसपास, अविवाहित. मूळचे घोडेगावचे. वडील जनावरांच्या बाजारातले नावाजलेले दलाल. घरात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच, आणि चढला तो थेट मुंबईच्या एका मोठ्या संशोधनसंस्थेपर्यंत चढला. तिथे काही वर्षं काढून, डॉक्टरेटची पदवी अर्ध्यावर टाकून, तो आमच्या कॉलेजात का आला हे कुणाला माहीत नव्हतं. वर्गात सर चांगलं पुस्तकी मराठी बोलायचे. वर्गाबाहेर पाऊल टाकलं की घोडेगाव.

सरांची आणि आमची ओळख अंड्यांवरून झाली. ते राहायला आले त्याच आठवड्यात त्यांच्याकडे टोपलीतून तीन डझन अंडी आली. पुढच्या आठवड्यात आणखी तीन डझन. आमची ओळ अंड्याचं नाव न काढणाऱ्यांची. माझे वडील, त्यांना सगळे दादा म्हणत, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खिडकीतून तीन दिवस पाहणी केली आणि घरमालकाला रीतसर अर्ज लिहिला. 'सदर इसम एकटा असून सहा डझन अंडी बाळगतो. सबब चौकशी व्हावी.'

चौकशीला मलाच पाठवण्यात आलं. बघतो तर सर पाटावर बसून एकेक अंडं फोडत होते. पांढरं अलगद बरणीत सोडायचं आणि पिवळं वाटीत बाजूला ठेवायचं. पिवळं होस्टेलवरच्या तालमीतल्या पोरांना जायचं. "आणि पांढरं तुम्ही खाता?" मी विचारलं.

"खातो कशाला? मी शाकाहारी मानूस," सर म्हणाले. "ह्यात एक प्रोटीन हाय. ते हलतंय का, तेवढं बघायचंय."

'हलतंय का' हा सरांचा परवलीचा शब्द. खुर्चीला हात लावतील, "हलतंय का?" प्राचार्यांनी फाइलवर सही केली का, तर "हलतंय का काही?" एकदा माझी दाढ दुखत होती तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात बोट घालून हाच प्रश्न विचारला होता. प्रोटीन हलतं म्हणजे काय हे मात्र मला वर्षभर कळलं नाही. मग एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला ते समजावलं.

"हे बघा, प्रोटीन म्हंजी मन्यांची माळ. पन सरळ न्हाई, गुंता करून ठेवलेली. इलायतेत त्याचा एक्स-रे काढून नकाशा केलाय. झ्याक नकाशा हाय. पन त्यासाठी त्याचा खडा करावा लागतो, साखरेचा करतेत तसा. म्हंजी बैल मारून सांगाडा मांडल्यावानी झालं. हाडं समजली. चाल समजली का?"

"नाही."

"आमचे वडील बैल घेताना काय करायचे? पाठीवर एक थाप मारायची आन् कातडी कुठं थरथरती ते बघायचं. तेवढ्यावर सांगायचे, हा उजवीकडं वढनार, हा बसनार. आमचं यंत्र तेच करतं. ह्यो थोरला लोहचुंबक, कपाटाएवढा. त्यात प्रोटीन पाण्यात इरघळवून ठिवायचं, जित्तं. रेडिओची बारीक थाप द्यायची. मंग त्यातला येकेक हायड्रोजन आपापल्या जाग्यावरनं थरथरतो आन् कागदावर शिखरं उमटत्यात. शिखर कुठं हाय त्यावरनं मनी कुठं बसलाय ते कळतं. आन् जरा गरम करून शिखरं सरकली की समजायचं, हितं काहीतरी फिरतंय."

ह्या यंत्राला एन.एम.आर. म्हणतात. देशात तशी बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातलं एक सरांच्या जुन्या गुरूंच्या ताब्यात होतं, मुंबईला. गुरूंचा ह्या शिष्यावर जीव असावा, कारण पदवी सोडून गेल्यावरही ते वर्षातून एकदा त्याला यंत्राजवळ बसू देत. सरांनी मनगटी घड्याळ कायमचं सोडलं होतं, कारण पहिल्याच दिवशी चुंबकाने ते मारलं. त्यामुळे ते दिवसभर दिसेल त्याला वेळ विचारत. भिंतीवर इतरांकडे कॅलेंडर असतं तिथे त्यांच्याकडे कोंबडीच्या प्रोटीनचा लांबलचक आलेख होता. त्यातल्या कडेला एकट्या उभ्या असलेल्या शिखराकडे ते अशा नजरेने बघत, की मला तिथून उठून जावंसं वाटे.

कोंबडीचं झालं. आता त्यांना माणसाचं हवं होतं. तेच प्रोटीन माणसाच्या अश्रूंत असतं. दादांनी हे ऐकलं आणि ते खवळले. "म्हणजे कोंबडीत आणि आमच्यात काही फरक नाही म्हणता?"

"हाय की, दादा," सर अदबीने म्हणाले. "कोंबडीच्या माळंत एकशे एकोणतीस मनी हायेत. तुमच्या माळंत एकशे तीस."

दादा त्या दिवशी जेवले नाहीत.

दुष्काळाचं साल होतं. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू होती, गल्लीत टँकर यायचा. अशात माघ महिन्यात गुरूंचं पत्र आलं, की चैत्रातला अमुक दिवस तुमचा, यंत्र दिवसभर मोकळं ठेवतो, अश्रू पंचवीस सी.सी. तरी आणा. हा दिवस चुकवू नका असं त्यांनी दोनदा लिहिलं होतं. सरांनी मला पत्र दाखवलं. माणसाचं प्रोटीन यंत्रात घालायला ते पाच-सहा वर्षं थांबले होते.

पंचवीस सी.सी. म्हणजे पाच चमचे. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठं? करून बघा. माणूस धाय मोकलून रडला तरी निम्मं गालावर सुकतं, उरलेलं पदराला लागतं. नळीत येतात चार थेंब. सरांनी सुरुवात स्वतःपासून केली. रोज पहाटे उठून कांदा चिरायचा आणि डोळ्याखाली नळी धरायची. त्यामुळे त्यांचे डोळे कायम लालभडक. कॉलेजात कुजबुज सुरू झाली. दादा म्हणाले, "सकाळी सातलाच लावून बसतो हा इसम." मी खरी गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "त्यापेक्षा पीत असता तर बरं झालं असतं."

मग सरांनी रडण्याच्या जागा शोधायला सुरुवात केली. सुमनच्या लग्नाचा प्रसंग त्यातलाच. कॉलेजच्या एका जुन्या विश्वस्तांची शोकसभा झाली, तिला सर पहिल्या रांगेत. व्यासपीठाकडे पाठ करून ते सगळ्यांचे चेहरे न्याहाळत होते. प्राचार्य भाषणात अडखळले. बाहेर पडल्यावर सर हताश होऊन मला म्हणाले, "एकाच्याबी डोळ्यात टिपूस न्हाई हो. नुसती भाषनं."

शेवटी त्यांना हौसाबाई सापडली. हौसाबाई होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची. रोज पाटीभर कांदा तिच्या आणि तिच्या दोन जावांच्या हातून जायचा. सरांनी त्या तिघींना नळ्या दिल्या, डोळ्याखाली कशा धरायच्या ते शिकवलं, काजळ घालायचं नाही म्हणून बजावलं. नळ्या भरू लागल्या. सर रोज त्या बाटलीत जमा करून झूलॉजीच्या फ्रीजमध्ये, बेडकांच्या शेजारी ठेवत. हौसाबाईची नळी सगळ्यांत जास्त भरलेली असायची. सर म्हणायचे, "बाई न्हाई, झरा हाय झरा."

यंत्राचा दिवस पंधरवड्यावर आला तेव्हा बाटलीत बावीस सी.सी. जमले होते.

त्या दिवशी सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. एका निरुपद्रवी जंतूचं ढगाळ पाणी त्यांनी परीक्षानळीत घेतलं होतं. अश्रूतलं प्रोटीन असले जंतू फोडतं, त्यामुळे अश्रूचा थेंब पडला की तुरटी फिरवल्यासारखं पाणी निवळतं. आधी त्यांनी स्वतःच्या नळीतला थेंब टाकून दाखवला. खरंच निवळलं. मी चकितच झालो. मग मोठ्या ऐटीत बाटलीतला थेंब टाकला. आम्ही बघत बसलो. पाणी ढगाळच. आणखी एक थेंब. तरी ढगाळच.

सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा नंतर एकदाच पाहिला.

आम्ही तसेच मेसमध्ये गेलो. हौसाबाई भाकरी थापत होती. सरांनी तिच्यापुढे नळी धरली. ती बघून तिचे हात थांबले.

"सर, रागावू नगा," ती म्हणाली. "तुमी रोज येऊन नळी बघायचे आन् तोंड उतरायचं तुमचं. मला बघवंना. मंग मी तिघींच्याबी नळ्यांत माठातलं पानी घालीत हुते. चिमूटभर मीठबी टाकायचे, चवीला सारखं लागावं म्हनून."

"चवीला?" मी ओरडलो.

"धा वर्सं दूध घातलंय घरोघर," हौसाबाई खाली मान घालून म्हणाली. "सवय ऱ्हाती हाताला."

मला वाटलं सर आता फुटणार. पण ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "हौसाबाई, चूक माझी. मी तोंड पाडायला नगं हुतं." आणि परत येऊन त्यांनी ती सगळी बाटली मोरीत ओतली. सहा आठवड्यांचं रडणं! मला ते बघवेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर सर म्हणाले, "थांबा, नळी आनतो." माणूस असा होता.

ही हकीगत मी घरी सांगितली तेव्हा दादा शांतपणे ऐकत होते. हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ते पाणी निवळतं म्हणतोस, ते मला बघायचंय."

सरांनी आमच्या ओट्यावर तो प्रयोग केला. थेंब पडला, पाणी ढगाळाचं स्वच्छ झालं. दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे कुणाचं?"

"माझं."

"आणि दुसऱ्या कुणाचं टाकलं तर?"

"तेच हुनार. यंत्रालाबी सगळ्यांचं एकच."

"म्हणजे तहसीलदाराचं आणि शिपायाचंसुद्धा?"

"एकच, दादा. मन्याचाबी फरक न्हाई."

दादांनी पस्तीस वर्षं कचेरीत काढली होती. ह्या उत्तरावर त्यांनी फार वेळ विचार केला. मग आत वळून माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, विळी आणा. आणि कांदे."

मी दाराला धरून उभा राहिलो. निवृत्तीपासून दादांनी कांदा-लसूण वर्ज्य केलं होतं. घरात कांदा चिरायचा तर तो मागच्या पडवीत. तेच दादा आता मांडी घालून विळीवर बसले. पहिले दोन कांदे त्यांनी चिरले, डोळे कोरडे ठणठणीत. "सरकारी नोकरी," ते स्वतःशीच म्हणाले. तिसऱ्या कांद्याला मात्र बांध फुटला. त्यांनी नळी उजेडात धरून रेघ तपासली, पाव सी.सी. भरल्याची खात्री केली आणि सरांना म्हणाले, "माझं ते यंत्रात जाऊन काय थरथरतं, ते आल्यावर मला येऊन सांगायचं. मला समजेल असं."

दुसऱ्या दिवसापासून दादांनी सगळा कारभार हातात घेतला. गल्लीतल्या प्रत्येक घरी ते स्वतः गेले. 'सदर कार्य शास्त्राचे आहे' अशी सुरुवात करत. रोज चार वाजता आमच्या ओट्यावर पाच-सहा विळ्या मांडल्या जात. शिंपी यायचे, वाण्याची सून यायची, देवळातले पुजारी सोवळं सोडून यायचे. हौसाबाई रोज श्रीरामपूरहून चालत यायची आणि दादा तिला मुद्दाम समोर बसवत, नजरेखाली. सगळी गल्ली रडत असायची आणि गप्पा मारत असायची. परगावचा एक पाहुणा कोपऱ्यावर येऊन तसाच मागे फिरला, कोण गेलं म्हणून विचारत. मी स्वतः दोन सी.सी. दिले. आजही त्याचा मला अभिमान वाटतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाटली पंचवीसच्या रेघेला लागली. सरांनी प्रत्येक नळी ढगाळ पाण्यावर तपासली होती. बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनमाडकडची गाडी, तिथून मुंबई, आणि परवा सकाळी यंत्र. दादा म्हणाले, "स्टेशनावर मी येणार पोचवायला."

सकाळी दादा कोट-टोपी घालून तयार झाले. दारातल्या पायरीवर बसून त्यांनी एक वहाण घातली. दुसरी घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी आतून हाक मारली, "दादा, टांगा आलाय." उत्तर आलं नाही. मी बाहेर येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला तर ते माझ्या अंगावर कलंडले. त्यांचा हात अजून वहाणेच्या अंगठ्यात होता.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. डॉक्टर आले, नाडी बघून उठले. बायकोची किंकाळी ऐकली. सर दारात उभे होते, एका हातात पिशवी, एका हातात थर्मास. त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि दादांच्या पायातली ती एक वहाण हळूच काढली. त्यानंतर सगळं त्यांनीच केलं. भटजींना बोलावणं, बांबू, मडकं, नातेवाइकांना तारा, सगळं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. मला फक्त धक्का बसला होता. दुसरं काहीच वाटत नव्हतं. दुपारी कधीतरी मला एकदम आठवलं आणि मी म्हणालो, "सर, तुमची गाडी?"

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "तार आली. जायचं न्हाई."

तार कधी आली, कुणी आणली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

प्रवरेच्या कोरड्या पात्रात अग्नी दिला. आंघोळीला पाणी घागरीतून न्यावं लागलं. लोक पांगले आणि मी वाळूवर बसून राहिलो. सर शेजारी येऊन बसले. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि त्याची मला भयंकर लाज वाटत होती. बाप गेला आणि मुलगा दगडासारखा बसलाय. मी तसं बोलूनही दाखवलं. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"येऊ द्या, जोशी सर," ते म्हणाले. "आज मोजायचं न्हाई."

मग मला आलं. किती वेळ ते मला माहीत नाही. सर त्यांच्या धोतराच्या सोग्याने माझं तोंड पुसत होते, लहान मुलाचं पुसावं तसं.

यंत्र बिघडल्याची बातमी गल्लीत पसरली. सगळ्यांनी त्या यंत्राला आणि मुंबईला यथेच्छ शिव्या दिल्या. हौसाबाई म्हणाली, "एवढी रडलो आमी, आन् त्याला आत्ताच बिघडायचं हुतं?" सर मान डोलवत होते.

दादांचे दिवस झाले. मी पुन्हा कॉलेजला जाऊ लागलो. एके दिवशी पोस्टमनने सरांचं पोस्टकार्ड माझ्याच हातात दिलं. दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचू नये हे मला कळतं, पण बेलापुरात पोस्टकार्ड न वाचता पुढे देणारा माणूस मी पाहिलेला नाही. गुरूंचं होतं. 'चि. एकनाथ, ठरल्या दिवशी यंत्र सुरू करून संध्याकाळपर्यंत तुमची वाट पाहिली. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. तुम्ही आला नाहीत, निरोपही नाही. मी पुढच्या आठवड्यात परदेशी जातो आहे, आता परत येणे नाही, म्हणूनच तो दिवस चुकवू नका असे लिहिले होते. माझ्यामागे बाहेरच्या माणसाला यंत्र कोणी देईल असे वाटत नाही. काय झाले ते कळवा.'

मी ते तीनदा वाचलं. त्या माणसाने मला आजवर जेवढे धक्के दिले होते ते सगळे एकत्र केले तरी याच्याएवढे झाले नसते. मला रागच आला. खरं सांगतो, संताप आला. मी तसाच त्यांच्या दारात गेलो. सर पाटावर बसून रिकाम्या नळ्या धुऊन पालथ्या घालत होते. मी पोस्टकार्ड त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. प्रयोगशाळेत पाहिलेला चेहरा मला पुन्हा दिसला.

"अश्रूंचं काय केलंत?" मी विचारलं.

"फ्रीजात हायेत. बेडकांशेजारी."

"यंत्र बिघडलेलं नव्हतं."

"न्हाई."

"अहो, मग मला सांगितलं का नाहीत? दादा त्यासाठीच कोट घालून बसले होते! वर बसून ते काय म्हणत असतील? इथे माझे काका होते, चार माणसं होती, सगळं झालं असतं. मी स्वतः तुम्हाला म्हणालो असतो, जा म्हणून."

सरांनी आणखी एक नळी पालथी घातली.

"आमचा बा गेला तवा मी मुंबईला त्याच यंत्राम्होरं बसल्तो," ते म्हणाले. "तार आल्ती. दुसऱ्या दिशी माझा नंबर हुता. म्हनलं, एवढा नंबर आटपू आन् निघू. घोडेगावला पोचलो तवा राख सावडून झाल्ती. भाऊ काई बोलला न्हाई. बाजारातली मानसं काई बोलली न्हाईत. पदवी तिथंच ऱ्हायली."

सरांनी शेवटची नळी पालथी घातली आणि वर बघितलं.

"तुमी जा म्हनला असता, हे मला ठावं हुतं, जोशी सर. म्हनून तर न्हाई सांगितलं. तुमी जा म्हनला असता, आन् मी गेलो असतो."